दुधट बाटली

"बाई, उद्या समिती बसतेय. त्याआधी एकदा येऊन पाहा," असा विभागप्रमुखांचा फोन आला आणि निवृत्त बाई तशाच निघाल्या. प्रमुख त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी आपल्या हाताखाली संशोधन करणाऱ्या मुलीला सगळ्यांदेखत खोटारडी म्हटलं होतं. समितीने मान डोलावली की तिची पदवी गेलीच.

भानगड साधी दिसत होती. मुलगी बाटल्यांतली द्रावणं पेल्यांत ओतून घ्यायची आणि काच आधी धन भाराच्या पॉलिमरच्या द्रावणात बुडवायची, पाण्याने धुवायची, मग ऋण भाराच्या. काचेवर बसलेला थर तिने मोजला तो भलताच जाड. प्रमुखांनी प्रयोग पुन्हा केला, तर थर पातळ.

"कुठल्या बाटलीतून केलास?" बाईंनी प्रमुखांना विचारलं.

"नव्या."

"जुनी कुठेय?"

"धुऊन ठेवली. मीच."

बाई मुलीकडे वळल्या. तिचे डोळे रडून सुजले होते.

"धन भाराची जुनी बाटली कशी दिसायची गं?"

"अलीकडे जरा दुधट. मला वाटलं, जुनी झाली असेल."

"पेल्यात उरलेलं काय करतेस?"

"ओतून देते. सर मात्र परत बाटलीत भरतात. वाया घालवू नये म्हणतात."

बाईंनी दोन्ही द्रावणं मागवली. दोन्ही पाण्यासारखी. एकात दुसऱ्याचे चार थेंब टाकले, तर सगळं दुधट झालं. त्यात काच बुडवली. मुलीने थर मोजला. जाड.

"याने घाईघाईत ऋणाचा पेला धनाच्या बाटलीत रिकामा केला," प्रमुखांकडे बोट करत बाई मुलीला म्हणाल्या. "विरुद्ध भार बाटलीतच एकमेकांना चिकटले, गुठळ्या झाल्या आणि काचेवर त्या गुठळ्याच बसल्या. पोरीने मोजलं ते खरंच होतं."

"माझ्या लक्षात नाही आलं, बाई."

"मग बाटली का धुतलीस? आयुष्यात चमचा विसळला नाहीस तू. पोर खोटी होती, तर ती बाटली तिच्याविरुद्धचा पुरावा होती. पुरावा आपल्या हाताने कोण धुतं?"

प्रमुखांची मान खाली गेली. दुधट रंग त्यांना दिसला होता, पण चारचौघांत बोललेले शब्द मागे घेववले नाहीत. बाईंनी होकार दिला की मनाची टोचणी थांबेल, असं वाटलं होतं. आता त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

"समितीला आत्ताच कळवतो," ते पुटपुटले.

"ते नंतर. ज्यांच्यादेखत बोललास, त्यांना बोलाव."

विद्यार्थी येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. प्रमुखांनी अडखळत सगळं सांगितलं.

मुलीने एकच विचारलं, "सर, तुम्ही बाटली धूत होता तेव्हा मी मागच्याच टेबलावर होते. तेव्हाही सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं," प्रमुख म्हणाले. "तू रडत होतीस. ऐकू येऊ नये म्हणून मी नळ मोठा सोडला."