गोष्टीचा मधला भाग

धारक काही केल्या मरत नव्हता, आणि सुनावणी चार दिवसांवर आली होती.

मालवणच्या स्मृतिशाळेत ओलिमा त्याच्यासमोर बसली होती. धारक म्हणजे माणसाची आठवण त्याच्याच आवाजात, त्याच्या अटींसकट सांभाळणारं स्मृतियंत्र. दिसायला तांदळाचा डबा. आत तिच्या आजीची, तेवाईची, गोष्ट होती. लेउमारा बेट बुडाल्यावर तिथल्या चारशे माणसांना या किनाऱ्यावर वसवलं गेलं, आणि ओलिमा इथंच मालवणी शिव्या शिकत मोठी झाली.

"पुन्हा एकदा सांग," डॉ. क्षिप्रा नाबर म्हणाली. धारक तिनेच बनवला होता. "पळवाट सापडते का बघू."

"आमच्याकडे गोष्टीला एकच धनी. सुरुवात आणि शेवट तो कुणालाही ऐकवतो. मधला भाग मात्र मरताना, एकदाच, वारसाला."

"आणि तुमचा तो गोरा गव्हर्नर?"

"त्याने सगळ्या गोष्टी लिहून नेल्या, मधल्या भागांशिवाय. प्रस्तावनेत म्हणाला, या लोकांना सलग विचार करता येत नाही. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांनी त्याचा निषेध केला आणि त्या रिकाम्या जागा म्हणजे वसाहतवादाने केलेली जखम, असं ठरवलं. त्यावर दोनशे प्रबंध आहेत."

"तुझा धरून?"

"ही प्रथा आहे, जखम नाही, हे मीच पहिल्यांदा लिहिलं. सुवर्णपदक मिळालं. ते घ्यायला पुण्याला गेले होते तेव्हा आजी गेली."

जाताना तेवाईने समोर होता त्याला मधला भाग सांगून टाकला. समोर डबा होता.

"उघडून काढता येत नाही?" ओलिमाने विचारलं.

"आत अक्षरं नाहीत गं. तो बोलतो तेव्हाच गोष्ट तयार होते. आणि नियम न पाळणाऱ्याला तुझी आजी सांगणारच नव्हती, म्हणून नियम मीच त्याच्यात घट्ट बसवलेत. मरेपर्यंत तो मधला भाग सांगणार नाही. मरणार कसा? तीन शहरांत त्याच्या प्रती आहेत."

मधल्या भागात काय असतं एवढं आजीने सांगून ठेवलं होतं: बुडालेल्या बेटाभोवतीच्या अठ्ठावीस खडकांची नावं, आणि त्यांच्यामधून होडी न्यायच्या वाटा. तो समुद्र लेउमारींचा, एवढं सागरहक्क न्यायाधिकरणापुढे सिद्ध करायचं होतं. नाहीतर खाणकंपनी तळाशी यंत्रं उतरवणार होती. तळाशी लेउमारींची घरं होती, आणि घरांच्या मागे स्मशान.

"मग मारूया त्याला," ओलिमा म्हणाली.

क्षिप्राने चहा खाली ठेवला. "अकरा वर्षं लागली मला."

"माहितीये ताई."

क्षिप्राने तिन्ही प्रती पुसल्या. अर्जावर 'नष्ट करण्याचे कारण' या रकान्यात 'वार्धक्य' लिहिलं आणि धारकाची वायर काढली.

धारकाने नीट चौकशी केली. "प्रती?"

"नाहीत."

"वीज?"

"चाळीस मिनिटांची."

"बरं झालं," तो तेवाईच्या आवाजात म्हणाला. "कंटाळले होते. जवळ ये, पोरी. त्या बाईला बाहेर पाठव."

क्षिप्रा व्हरांड्यात उभी राहिली. चाळीस मिनिटांनी ओलिमा बाहेर आली. डोळे पुसायच्या भानगडीत ती पडली नव्हती.

"अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आहेत, ताई."

सुनावणीत ती प्रथा मोडणार होती. आजीची माफी तिने आधीच मागून ठेवली. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून तिने पहिल्या खडकापासून शेवटच्यापर्यंत सगळं सांगितलं. परक्या माणसांनी लेउमारी गोष्टीचा मधला भाग ऐकायची ही पहिलीच वेळ. लघुलेखकसुद्धा लिहायचा थांबला.

मग कंपनीचे वकील उठले. हातात तिचा प्रबंध होता, खुणेच्या चिठ्ठ्यांसकट.

"खडक तिथे आहेत, मान्य. समुद्रतळाचा नकाशा कुणालाही मिळतो. प्रश्न गोष्टीचा आहे. हा प्रबंध आपलाच?"

"हो."

"फार सुंदर लिहिलंय. पान दोनशे बारा. 'खरा धनी जिवंतपणी मधला भाग उच्चारत नाही. कुणी उच्चारला, तर तो मधला भाग नव्हे.' आपण जिवंत आहात?"

"हो."

"नोंद व्हावी."

"मी प्रथा मोडतेय," ओलिमा न्यायाधीशांना म्हणाली. "तुमच्यासाठी मोडतेय. दुसरा मार्ग नाही ठेवलात तुम्ही."

"बाई, प्रथेच्या आधारावर तर हक्क मागताय," न्यायाधीश मायेने म्हणाले. "ती मोडून कशी सिद्ध करणार?"

दावा फेटाळला नाही. तसं करणं असंवेदनशील ठरलं असतं. ओलिमाची साक्ष तिच्या मृत्युशय्येवर ग्राह्य धरली जाईल, त्यासाठी एक कारकून तत्परतेने पाठवला जाईल, आणि तोवर कंपनीचा तात्पुरता परवाना चालू राहील, असा आदेश झाला. वय एकतीस, हेही त्यात नमूद होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे डॉक्टर तिच्या दारात आले. सोबत फळांची करंडी.

"आजीवन आरोग्य योजना. आपल्याला ठणठणीत ठेवायची जबाबदारी आमची."

ओलिमाने त्यांना हाकललं नाही. आत बसवलं आणि हात पुढे केला. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, छाती तपासली.

"काही सापडतंय का?" तिने विचारलं.

"छे हो. पन्नास वर्षं तरी काळजी नाही."

ओलिमाने दुसरा हात पुढे केला.

"हा बघा," ती म्हणाली.