पाटीवरचं सातवं नाव

"ओ मॅडम, त्या रकान्यात काही लिहू नका! तिथं नोटिशीतलं 'भाडेकरू सात' लिहिलंत की संपलंच."

मी मागं वळून बघितलं. शर्टावर निळ्या रंगाचे डाग, कानामागं पेन्सिल, आणि नको तितकं हसू. घरपट्टीच्या ऑफिसातली लांबलचक रांग, माझ्या हातात हरकतीचा अर्ज, डोक्यात राग... आणि त्यात हा!

"तुम्ही वकील आहात का?" मी विचारलं.

"नाय हो, पेंटर आहे. इथल्या दारांवर नंबर रंगवतोय. चार दिवस ऐकतोय ना, कोण काय लिहितो न् कोण कसा रडतो."

"मी रडत नाहीये."

"तेच तर... तुम्ही भांडताय."

भांडणार नाही तर काय करणार? साल त्र्याण्णव. दिवाळी तोंडावर आलेली. बाबा डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले तेव्हा सगळा फंड घालून त्यांनी हाटकेशला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. आमच्या जालन्याच्या सात पिढ्यांत स्वतःच्या नावाचं असं पहिलं घर. आणि यंदा घरपट्टी आली ती थेट दुप्पट! नोटिशीत कारण काय, तर 'घर भाड्याने दिलेले, भाडेकरू सात.' दोन खोल्यांत सात भाडेकरू! माणसं ठेवली होती का मांडणीवर?

खरं कारण मला ठाऊक होतं. दारावरची निळी पाटी. गावाकडून कामधंदा शोधायला कुणी आलं की बाबा त्याला घरी ठेवून घ्यायचे, आणि दुसऱ्याच दिवशी पाटीवर त्याचं नाव लिहायचे. का, तर नोकरीचं पत्र आलं आणि पोस्टमन परत घेऊन गेला तर? काम लागलं की माणूस जायचा, नाव राहायचं. मोजणीवाला आला तेव्हा त्यानं आईला विचारलं, "हे सगळे इथंच राहतात?" हातात कागद घेऊन असं विचारणारा म्हणजे पोस्टमनच, ही आईची पक्की समजूत. ती म्हणाली, "हो हो, सगळे इथंच राहतात!" वर त्याला चहाही पाजला. त्यानं तेच लिहून घेतलं.

"राहता कुठं?" पेंटरनं विचारलं.

"हाटकेश. पिठाच्या गिरणीमागं."

त्याचं हसू एकदम थांबलं. "तळमजला? वाल्मिक मामांचं घर?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"निळी पाटी ना... मीच नव्यानं रंगवलीय. सगळ्यात खालचं नाव बघा. समाधान, तो मी. आणि तुम्ही संघप्रिया. तेव्हा मावशीकडं कॉलेजला होतात. मामी रोज तुमची आठवण काढायच्या. मी चार महिने राहिलो तिथं."

म्हणजे माझ्या खाटेवर झोपणारा, माझ्या ताटात जेवणारा तो हाच! आईच्या पत्रात 'समाधान फार गुणी आहे' हे वाक्य इतक्यांदा यायचं की मला त्याचा रागच आला होता. आता मात्र... राग कुठं ठेवला ते आठवेना.

सुनावणीला पंधरा दिवस होते. पेन्शनवर दुप्पट पट्टी झेपणारी नव्हती. आईनं तर निकाल देऊनच टाकला होता, "पाटी खरवडा, आणि इथून पुढं घरात कुणाला आणायचं नाही." बाबा दोन दिवस दाराशी जाऊन पाटीवरून नुसता हात फिरवत होते. मला पैशापेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं. दार बंद झालं असतं तर माझे बाबा, बाबा राहिले नसते.

"एकच उपाय," समाधान म्हणाला. "सातही जणांना साहेबांसमोर उभं करायचं. भाडं दिलं नाही म्हणून सांगायला."

"ते कुठं सापडणार आता?"

"मी पाट्या रंगवत गावभर फिरतो. सापडतील... तुम्ही येणार असाल तर."

पेनांच्या कारखान्यातली माझी पॅकिंगची शिफ्ट दुपारी सुटायची. गेटवर हा सायकल घेऊन उभा. हँडलला रंगाचे डबे, खड्डा आला की खणखणाट. मैत्रिणी म्हणायच्या, "संघू, तुझा बँड आला गं!" मी लटकं रागवायची. आणि एक दिवस त्याला यायला उशीर झाला, तेव्हा त्या खणखणाटाकडंच कान लावून बसले.

गोदूबाई घोडबंदरला सापडल्या, चहाच्या टपरीवर. आमचं ऐकून घेतलं आणि भरला चहा तसाच ठेवून उठल्या. "मामींनी मला बाळंतपणात सांभाळलंय गं. मी न येऊन कशी राहीन?" धर्माजी चेणे गावात एका बंगल्यावर वॉचमन होते, त्यांनी जागेवरच रजेचा अर्ज लिहिला. ज्याच्याकडं जावं तो आधी बाबांची तब्येत विचारायचा, मग डोळे पुसायचा. आपल्या घरानं इतक्या माणसांना उभं केलंय, हे मला तोवर कळलंच नव्हतं. घरात राहून आपण नुसती जागेची अडचण मोजलेली असते.

त्या दिवशी सायकल गेटवर ठेवून बसनं गेलो होतो, आणि परतीच्या बसला वेळ होता. खाडीवरून खारा वारा येत होता, माझी ओढणी त्याच्या खांद्यावर जाऊन बसत होती, आणि तो ती बाजूलाही करत नव्हता.

"बाबांना तू मामा का म्हणतोस रे?" 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, देव जाणे.

"सगळेच म्हणतात."

"पण मामाची मुलगी म्हणजे..." मी जीभ चावली.

त्याचे कान लालबुंद. "बस आली," तो म्हणाला. बस आलीच नव्हती!

सुनावणीच्या दिवशी सातही जण हजर. एक जण तर रात्रपाळी करून तसाच आलेला. समोर साहेब, चष्म्यावरून बघणारे.

"भाडं किती देत होता?"

"भाडं?" गोदूबाई कडाडल्या. "साहेब, उलट जाताना मामींनी मला लुगडं दिलं!"

एकेक जण तेच सांगत होता. मग धर्माजींना उमाळा आला. "फुकट खाल्लं नाही साहेब, मी रोज पंपावरनं सहा हंडे पाणी आणायचो!"

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे राहण्याच्या बदल्यात काम?"

झालं! धर्माजींच्या चांगुलपणानंच घात केला. बाबांनी मान खाली घातली.

तेवढ्यात समाधान पुढं झाला. "साहेब, भाडेकरू आपल्यापुरतं पाणी भरतो. सगळ्या घराचं पाणी भरतो तो घरातलाच असतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि हसले. "आमच्या घरी ते काम माझ्याकडं आहे," म्हणाले, आणि लिहिलं... 'स्वतःच्या वापरातील घर.' पट्टी पहिल्यासारखी.

"पण आजोबा, पाटीवर घरातल्यांचीच नावं ठेवा. पुढच्या मोजणीला परत हा घोळ नको," साहेब बाबांना म्हणाले.

"आणि गावाकडून कुणी आलं तर?" बाबांनी भीतभीत विचारलं.

"येऊ द्या की! पाहुण्याला कोण अडवतंय? पत्रावर 'वाल्मिक खरात यांचेकडे' एवढं लिहायला सांगा."

बाहेर आल्यावर बाबा सगळ्यांचे आभार मानत होते आणि सगळे बाबांचे. आईनं पदरानं तोंड झाकून घेतलं होतं. "मेली माझीच जीभ," म्हणाली, "आणि मीच दार लावायला निघाले होते." मग तिनं सातही जणांना जेवायला बोलावलं.

रविवारी समाधान पाटी रंगवायला आला. आधी त्यानं सातही नावांवर निळ्या रंगाचा हात फिरवला. मग पांढऱ्या अक्षरांत वाल्मिक, केसरबाई, संघप्रिया... आणि खाली मोकळी जागा.

"एवढी जागा का सोडलीस?"

"अशीच... सुकायला."

"जागा सुकायला?"

त्यानं ब्रश खाली केला. "प्रिया, तीन वर्षं माझं नाव इथं होतं. गावाहून आईची पत्रं मला या पाटीमुळं मिळाली. अख्ख्या गावाची नावं मी रंगवतो, पण माझं नाव फक्त इथंच होतं... आज माझ्याच हातानं पुसलं. परत लिहायचं तर साहेबांची अट आहे. घरातला माणूस पाहिजे." त्यानं माझ्याकडं बघितलं. "मला तू आवडतेस. रांगेत भांडत होतीस ना... तेव्हापासून."

काळीज असं धडधडत होतं की गिरणीचा पट्टा काय धडधडेल! मी त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि मोकळ्या जागेत 'स' काढला. वाकडातिकडा, ओघळ आलेला.

"अगं, अक्षर बिघडतंय," आतून बाबांचा आवाज आला. "त्यालाच लिहू दे."

आम्ही दोघं जागीच गार! खिडकी उघडी होती, आणि खिडकीत बाबा आणि आई, दोघंही.

"आणि परत कुणी मोजायला आलं म्हणजे?" आईनं विचारलं.

"सांग त्याला," बाबा म्हणाले, "जावई आहे. भाडं देत नाही."

त्या वर्षीची घरपट्टी भरायला मी स्वतः गेले. पावती घेताना खिडकीतल्या माणसाला म्हटलं, "दादा, थँक्यू हं... मनापासून." तो चमकून बघत राहिला. घरपट्टी भरून आभार मानणारं त्याला बहुतेक पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं.