एक तास पन्नास मिनिटं

वाल्मीकमामा मस्कतहून परतला तेव्हा आम्हाला टीव्हीची अपेक्षा होती. त्याने डिशवॉशर आणला. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. आधी पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजात कॉम्प्रेसर सांभाळायचा, मग तिकडे एसी दुरुस्तीला गेला. "ताई, तुझ्या मनगटांकडं बघून आणलाय," तो म्हणाला. आईला संधिवात होता. त्यामुळे टीव्हीचा विषय कुणालाच काढता येईना.

हे २००६ सालचं. नाशकात पाथर्डी फाट्याला आमचा फ्लॅट होता: एक खोली, एक स्वयंपाकघर आणि बिल्डर जिला बाल्कनी म्हणायचा ती चार कपडे वाळत घालायची जागा. राहायला आई आणि मी. मशीन ओट्यावरच ठेवायचं होतं, मायक्रोवेव्हच्या थोरल्या भावाएवढं. ते ठेवल्यावर ओट्यावर शेगडी उरली आणि मिठाची बरणी उरली. आई पोळ्या लाटायला जमिनीवर बसू लागली. मशीनची एक नळी नळाला, दुसरी सिंकमध्ये. बटणांवर अरबी अक्षरं. पूर्ण धुणं एक तास पन्नास मिनिटांचं. आत सहा माणसांची ताटं मावायची. कढई मात्र रिक्षात ड्रायव्हरशेजारी बसवलेल्या चौथ्या सवारीसारखी, अर्धी जाळीबाहेर लटकत.

आमची भांडी अकरा वर्षं कुसाबाई घासत होती. मूळची हरसूलकडची. आईने तिला महिना भरून, वर साडी देऊन रजा दिली. जाताना ती मशीनच्या दारात वाकून बघायला लागली.

"हात कुठं हायेत याचे?"

"हात नसतात कुसाबाई. पाण्याचा फवारा असतो," मी म्हटलं.

"हाताबिगर कुठं भांडं निघतं का, दीपकभाऊ?" ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

मी तेव्हा एम. जी. रोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होतो. दिवसभर भिंग आणि सोल्डरिंग. एखादं यंत्र एखादी गोष्ट का करतं हे कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. मशीन भांडी लख्ख धुवायचं, तक्रार नव्हती. फक्त मी ताटं जाळीत उभी लावायचो आणि दार उघडल्यावर ती पालथी, एकावर एक तिरकी टेकलेली असायची. पेल्यांचा मनोरा झालेला. कुकरची शिट्टी काढून वाटीत ठेवलेली. मी म्हटलं, पाण्याचा जोर. पाण्याच्या जोराने शिट्टी उचलली जाऊ शकते. ती वाटीत ठेवायची असते हे पाण्याला कुणी सांगितलं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही, कारण जेवायचं होतं.

चौथ्या दिवशी खालच्या गाळणीत काथ्याचे दोन धागे निघाले. आमच्या घरात काथ्या नव्हता. सहाव्या दिवशी आईने दूध करपवलं. पातेलं मशीनमधून स्वच्छ निघालं, पण तळाला अर्धगोल ओरखडे होते, कुणीतरी दात-ओठ खाऊन चमच्याने खरवडल्यासारखे. आत एकच चमचा होता. तो वाकला होता.

दहाव्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी होतो, तेव्हा कुसाबाई आली. आत आली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली. हात पदराखाली.

"ताई, तुमचं यंत्र दुपारी एकला लावता ना?"

"हो. का गं?"

"आन् गेल्या बुधवारी दूध करपलं व्हतं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलेलं नव्हतं. आम्ही दोघं सोडून घरात कुणी नव्हतंच.

कुसाबाईने हात बाहेर काढले. बोटं पांढरी पडली होती, पाण्यात बराच वेळ राहिल्यावर पडतात तशी, सुरकुतलेली. "बंद करा ते," ती म्हणाली. "मला दुसरं काम धरता येईना. एक वाजला का माझं हात माझं नसत्यात."

ती गेल्यावर आई म्हणाली, "नाटकं. काम गेलं ना."

मी म्हटलं, प्रयोग करू. मंगळवारी माझी सुट्टी. मी कुसाबाईच्या घरी बसतो, तू इथे एकला मशीन लाव. आणि आत काहीतरी असं घाल, की जे भांडं नाही. काय ते मला सांगू नकोस.

कुसाबाईची खोली पाथर्डी गावामागे, पत्र्याची. मी वही, पेन आणि घड्याळ घेऊन बसलो. ती मेथी निवडत होती. सून कोपऱ्यात शिलाई मशीनवर फॉल-बिडिंग करत होती. एकला एक मिनिट कमी असताना कुसाबाईने मेथीची जुडी स्वतःहून बाजूला सरकवली, साडी गुडघ्यात खोचली आणि म्हणाली, "आता बघा."

हात उठले. आधी पाण्यात घालून काढल्यासारखे झाले. मग डाव्या हातात काहीतरी गोल आलं, उजवा त्यावर फिरू लागला. समोर काही नव्हतं. कोपरापासून खाली ती घासत होती आणि कोपरापासून वर माझ्याशी बोलत होती.

"ताट. हे बी ताट. वरणाला हिंग जास्त झालाय ताईचा. ही तुमची वाटी, तुम्ही लोणच्याची फोड तशीच टाकता, लय वेळा सांगितलं." मी लिहून घेत होतो. तेवढ्यात हात थबकले, चाचपडले. तिचा चेहरा लाल झाला. "घंटा? देवाची घंटा आन् उष्ट्या ताटांत? ताईला म्हणावं काय अक्कल हाय का नाय!"

मी आईला फोन लावला. "घंटा घातलीस?"

 आई म्हणाली, "तू म्हणालास ना, भांडं नसलेलं."

एक चाळीसला सुनेचं मशीन बंद पडलं. पंखा थांबला. लोडशेडिंग.

कुसाबाईचे हातही थांबले. पण खाली आले नाहीत. डावा तळवा वर, उजव्याची बोटं वाकलेली, छातीसमोर तसेच राहिले, जसे चौकातल्या पुतळ्याचे असतात. मी उजवा हात धरून खाली ओढायचा प्रयत्न केला. हात ऊन होता आणि दरवाजाच्या कडीसारखा घट्ट.

"तुमच्याकडं लाइट कधी येती?" तिने विचारलं.

"पाचला."

"आमच्याकडं बी पाचलाच," ती म्हणाली.

मी पुन्हा फोन लावला. आई म्हणाली, दार उघडून बघू का? मी कुसाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. नको.

तीन तास वीस मिनिटं आम्ही बसून राहिलो. सुनेने तिला बशीने चहा पाजला. नाकावर माशी बसायची, ती मी हाकलायचो. एकदा ती म्हणाली, "भाऊ, पाठ खाजती." सुनेने खाजवली. शेजारची एक बाई डोकावली आणि विचारायला लागली, काय नवस केलाय का? कुसाबाई म्हणाली, "हां. एक तासाचा केला व्हता, वाढला."

पाचला पंखा फिरला. हात पुढे चालू झाले. घंटेवरूनच.

त्या दिवसापासून मशीन बंद. मी प्लग काढून नळी गुंडाळून ठेवली. मोडायची हिंमत झाली नाही, कारण मोडलं तर तिच्या हातांचं काय, हे मला सांगता येत नव्हतं. आई कुसाबाईला म्हणाली, परत ये. कुसाबाई म्हणाली, "तुमच्या भांड्याला मी शिवायची नाय." मग मी घासू लागलो. आईची मनगटं सुजलेली, दुसरं कोण होतं? बारा दिवस मी घासली.

बाराव्या दिवशी शुभांगीकडची माणसं बोलणी करायला आली. शुभांगीशी माझं लग्न ठरत होतं. नामपूरहून तिचे आजोळचे धरून नऊ जण. आमच्या खोलीत नऊ माणसं बसली की दहाव्याने दारात उभं राहून श्वास घ्यायचा. भांड्यांचा ढीग झाला. बैठक चांगली झाली, तारीख निघाली. बाकीची मंडळी जीपने निघाली; तिच्या फकिरामामांना मात्र एसटी गाठायची होती, म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेऊन सीबीएस स्टँडवर निघालो.

घरात आई आणि तो ढीग उरला. मी आल्यावर पुन्हा सिंकपुढे उभा राहणार, आजच्या दिवशी तरी नको, असं तिला वाटलं. तिने प्लग लावला. मशीनसमोर उभं राहून हात जोडले, कुसाबाईची माफी मागितली आणि बटण दाबलं. हे तिने मला नंतर सांगितलं.

मी तेव्हा मुंबई नाक्याला होतो.

आधी पंजे गरम झाले. मग ओले झाले. मला वाटलं घाम.

मग माझे हात हँडलवरून उठले.

"ओ पाव्हणं, काय करी ऱ्हायनात?" मागून फकिरामामा ओरडले. त्यांनी माझ्या काखेतून हात घालून हँडल धरलं. पन्नासेक फूट आम्ही असे गेलो. त्यांना स्कूटर येत नव्हती.

आम्ही शेवंतीच्या पाट्यांवर पडलो. फुलवाली किंचाळली. मामांना काही झालं नाही. माझं डाव्या खांद्याचं हाड मोडलं. मोडल्यावरही हात थांबले नाहीत.

लोक जमले. कुणीतरी म्हणालं फिट आहे, कांदा हुंगवा. नाशकात कांदा लगेच मिळतो. मी नाकाला कांदा लावलेला, रस्त्यावर उताणा, आकाशाकडे बघत घासत होतो. बोटांना सगळं कळत होतं. कपबश्या. शिऱ्याची वाटी. मग कढई आली आणि मोडक्या खांद्याने ती पेलायची होती.

तेव्हा मला नियम कळला. घरची भांडी ज्याने शेवटची हाताने घासली, त्याचे हात.

दवाखान्यात नर्सने कानाला फोन धरला आणि मी आईला सांगितलं: मशीनला हात लावू नकोस, आणि घरातला एक चमचासुद्धा विसळू नकोस. नाहीतर तुझी पाळी. आईने ऐकलं. पण ती इतकी घाबरली, की दुपारी दारावर बोहारीण आली तेव्हा तिने जुन्या साड्यांबरोबर मशीनही देऊन टाकलं. बदल्यात दोन पातेली घेतली. झाकणासकट.

ती बोहारीण आमच्या गल्लीत पुन्हा आली नाही. मी गळ्यात हात बांधून दोन महिने शोधलं. सातपूर, सिडको, पंचवटी. जुन्या सामानाची दुकानं, भंगाराची गोदामं. साडेअकरा वाजले की मी कुठेतरी भिंतीकडे तोंड करून बसायचो. कारण मशीन कुणीतरी विकत घेतलं होतं आणि ते रोज साडेअकराला लावत होतं.

कुसाबाई बघायला आली होती. चेहऱ्यावर तरतरी. तिला दोन घरची कामं मिळाली होती. ती माझ्यासमोर बसून माझे हात बराच वेळ बघत राहिली.

"तळ राहतोय," ती म्हणाली. "आधी तळ घ्यायचा, मग अंग."

"कुसाबाई," मी म्हटलं, "एकदा येऊन आमची..."

तिने हात पदराखाली घेतले. मी वाक्य पुरं केलं नाही. पुढे तिची माझी भेट नाही.

याला आता दोन वर्षं होतील. दुकान सुटलं. सोल्डरिंग करताना हात निघून गेले तर गिऱ्हाइकाचा फोन जळतो. शुभांगीने लग्न मोडलं नाही. फकिरामामांनी नामपूरला सांगितलं, पोराले फिट येत नाही, तो फक्त वेगळा शे. हे सगळं मी तोंडाने सांगतोय आणि शुभांगी लिहून घेतेय. आत्ता पावणेबारा झालेत.

मला एकच आशा होती. आमच्या घरी कुणी घासून उपयोग नाही, हे पुढे कळलं; मशीन ज्या घरात गेलं, तिथे ते आल्यानंतर कुणी हाताने घासलं तरच हात बदलणार. त्या घरात कधीतरी कुणीतरी एखादा कप हाताने विसळेल. त्या क्षणी मी सुटेन. तो माणूस अडकेल हे मला माहीत आहे. पहिल्या वर्षी त्याचं वाईट वाटायचं.

ते घर कुठे आहे माहीत नाही, पण ओळखीचं झालंय. पाच ताटं. एक पेला चेपलेला. पोळीला तूप लावतात. रविवारी मटण. लहान मूल असावं, एक छोटी वाटी यायची, काठाला भाताची शितं सुकलेली.

गेल्या गुरुवारपासून ताटं येईनाशी झाली. पेले नाहीत, वाटी नाही. म्हणजे तिथे कुणी जेवत नाही. जेवत नसतील तर कप तरी कोण विसळणार?

मशीन मात्र रोज साडेअकराला लागतं, पूर्ण एक तास पन्नास मिनिटं. आत एकच वस्तू असते. सावकाश, दोन्ही हातांनी घासावी लागते. मी तळ शोधतो, तळ नाही. काठ शोधतो. भांड्याला कुठे ना कुठे काठ असतो. याला सापडला नाही.

काल एका जागी माझं बोट लागलं, आणि गुदगुल्या झाल्यासारखी ती वस्तू जराशी आकसली.