खिडकीचं चौथं माप

"काचेच्या बरणीत ठेवल्यासारखे राहतोय आम्ही," आत्याबाई पुटपुटल्या. "समोरच्या दुकानाला आमचं जेवणखाण पाठ झालं असेल."

समोरचं दुकान माझंच. मी त्यांच्याच घरात, स्टुलावर उभी राहून पडद्यासाठी खिडकीचं माप घेत होते, म्हणून न ऐकल्यासारखं केलं.

खरं सांगते, जेवणखाणाकडे माझं लक्षच नव्हतं. गेली दोन वर्षं गल्लीच्या या बाजूला मी पडदे शिवत होते आणि त्या उघड्या खिडकीत त्यांचा भाचा घड्याळं दुरुस्त करत होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा. तिळाएवढा स्क्रू खाली पडला तरी हा माणूस चिडायचा नाही. गुडघ्यांवर बसून शोधायचा, आणि सापडला की हरवलेलं पोर परत आल्यासारखा हसायचा. तेवढ्यात इकडे माझी टीप वाकडी जायची.

"पडदे नकोत," तो मला म्हणाला. दोन वर्षांतलं पहिलं वाक्य. "कामाला उजेड लागतो."

मग टेबल मागच्या खिडकीत ने, तिथे जास्त उजेड आहे, असं आत्याबाईंनी सुचवलं. त्यावर त्याला अचानक एका घड्याळातली धूळ फुंकायची आठवण झाली. मीही टेप पुन्हा लावली. तीनदा माप घेतलं, दुसऱ्या दिवशी जाऊन चौथ्यांदा. खिडकी काही वाढली नव्हती.

पडदा मात्र चोख शिवला. दुप्पट कापड, भरगच्च चुण्या, आत अस्तर. वाईट शिवायचं म्हटलं तरी माझ्या हातांना जमत नाही, काय करणार...

आमच्या कामात नवा पडदा आठ दिवस कच्च्या टाक्यांवर टांगतात. कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, मगच खालची दुमड पक्की करायची. ते आठ दिवस माझ्यासमोर नुसतं करडं कापड. टिपा सगळ्या सरळ आल्या. एकही बघवेना.

आठव्या दिवशी दुमड घ्यायला गेले. मी जमिनीवर बसलेली, ओठांत चार टाचण्या. आत्याबाईंची तक्रार सुरूच होती: भाच्याने एका गिऱ्हाइकाला मिनिटकाटा न बसवताच घड्याळ दिलं होतं.

"उजेड कमी पडतो," तो म्हणाला.

"टेबलावर दोन दिवे लावलेत तुझ्या," आत्याबाई म्हणाल्या. "आणखी काय सूर्य आणून ठेवू?"

तो वळला. भिंग कपाळावर सरकवलेलं, नजर माझ्यावर. टाचण्यांमुळे मला बोलता येईना, आणि ते बरंच होतं.

"उजेड पुरतो," तो हळूच म्हणाला. "पण... स्क्रू सापडला की मी वर बघतो. समोर तुम्ही हसत असता. आठ दिवस सापडलेलं दाखवायला कुणीच नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पडदा एका बाजूला सारला. गल्लीपलीकडे माझं मशीन, माझी रिकामी खुर्ची – इथून किती जवळ दिसत होती.

मी एकेक टाचणी ओठांतून काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचली. चौथीला जरा वेळ लागला.

"माप एकदाच पुरतं," मी म्हणाले. "बाकीची तीन मापं मी तुम्हाला बघायला घेतली. मला तुम्ही आवडता."