शून्याची शिळा

सौरवादळाने उपग्रह मुके केले, तेव्हापासून लडाखमधल्या शारखुम पठारावर उंची मोजायची ती एका शिळेपासून. ही शिळा छावणीच्या दारातच रोवलेली होती. शाल्मली बोडस रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसायची, उंचीवेधी यंत्र बसवून शून्य लावायची आणि मगच ड्रोन सोडायची. तिचा हा नेम देवपूजेसारखाच होता, आणि देवाला उलट प्रश्न कोण विचारतो?

अकरा महिन्यांच्या नकाशांत गावाचा डोंगर चाळीस सेंटीमीटर वर आला होता. कोसळण्यापूर्वी उतार फुगतो, हे तिला पक्के ठाऊक होते. सह्याद्रीतली तिच्या आजोळची वाडी तशीच गाडली गेली होती. म्हणून हातापाया पडून तिने बासष्ट घरे खाली सपाटीवर, छावणीभोवती आणवली. गावातल्या वयोवृद्ध नोर्बू आजोबांनी तर सगळ्यांच्या जुन्या घरांचे दगडही उतरवून घेतले.

आज ते हसतच तंबूत शिरले. "मॅडम, छावणीतली विहीर काठोकाठ भरली! तुमचा पायगुण!"

वर्षात चार थेंब पडणाऱ्या मुलखात पाणी! शाल्मली मनापासून सुखावली. तेवढ्यात दूरच्या कड्यावरून भूशास्त्रज्ञ इनामदारांचा आवाज रेडिओवर आला.

"शाल्मली, तुझे नकाशे पाहतोय. मी बसलोय तो डोंगरही चाळीस सेंटीमीटर वर आलाय."

"सर, तो तर सत्तर किलोमीटरवर आहे."

"आणि पलीकडचा तिसराही. चाळीसच! तीन डोंगर एकाच मापाने फुगतात का गं? उंची एकट्या जागेची कधीच नसते, ती कशापासून तरी मोजलेली असते. मग हललं काय?"

तिने दारातल्या शिळेकडे पाहिले. शिळा खचत होती. सपाटीखालचा हजारो वर्षांचा बर्फ वितळला होता. विहीर भरली नव्हती, जमीनच पाण्याकडे निघाली होती.

"सगळ्यांना वर काढ! आत्ताच्या आत्ता!"

"आजोबा, चला, डोंगरावर चला! मी चुकले हो!"

"वर कुठं जायचं, मॅडम? घरं तर आम्ही मोडली," म्हातारा गोंधळून म्हणाला. "आणि नकाशा खोटं बोलत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

ती त्यांना ओढतच बाहेर आली, ओरडत सुटली. पायाखाली काहीतरी धप्पकन बसले. हातातल्या पडद्यावर ड्रोनचा नवा नकाशा उमटत होता. शिळा, विहीर, बासष्ट घरे, आजोबा आणि ती स्वतः, सगळे सुरक्षित हिरव्या रंगात होते. बदल शून्य. डोंगर मात्र दोन मीटर वर गेले होते, मग पाच.

तिने म्हाताऱ्याचा हात घट्ट धरला.

मग तिन्ही डोंगर एकदम साठ मीटर वर गेले.