सिगारची सिंगारपेटी

चंदाने पेटीचं झाकण उघडलं आणि दुर्गाप्रसादशेठच्या बैठकीत आरसा चमकला.

पेटी देखणीच होती. सागवानाची, आत लाल मखमल, बांगड्यांसाठी दांडी, कुंकवासाठी इवलासा कप्पा. पंधरा दिवस राबून केलेली. चंदाला वाटलं, आता शेठ वाहवा करतील. शेठ मात्र आरशात स्वतःच्याच मिशा बघत राहिले.

"बेटी," शेवटी ते म्हणाले, "मैंने सिगार का डिब्बा बोला था. सिगार! तूने तो सिंगार का बना दिया."

आता यात चंदाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. शेठचा फोन आला तेव्हा बाबांच्या सुतारकामाच्या दुकानात रंधा मशीन घरघरत होतं. आणि गोंदियात अर्धं बोलणं हिंदीत चालतं. घरात नवी सून आलेला माणूस डब्बा सांगतो, तो सिंगाराचाच असणार ना? तिच्या मोहल्ल्यात घरोघरी बिडी वळतात, पण बिडीसाठी कुणी पेटी करून घेतल्याचं तिने ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून ठसका ऐकू आला. निळ्या शर्टातला एक तरुण हसू दाबत उभा होता. त्याच्या शेजारी काचेच्या दाराचं, छोट्या फ्रिजसारखं यंत्र होतं.

"हसा नं," चंदा म्हणाली. "दाबून धराल तं पोटात दुखंल."

"नाही मॅडम... मी जोड बघत होतो. कोपऱ्यात फटच दिसत नाहीये. कोणी केली ही?"

"मी. काऊन?"

"काही नाही." त्याने पुन्हा आरशात पाहिलं. तिथून त्याला चंदाच दिसत होती, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं. तोवर तिचे कान तापले होते.

हा हिमांशू. मूळचा सौंदडचा, घरी धानाची शेती, पण नोकरी नागपूरच्या एका शोरूममध्ये. शेठचा थोरला मुलगा दुबईहून दर वर्षी सिगार पाठवायचा. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरायची, उन्हाळ्यात त्या वाळून भुगा व्हायच्या. हिमांशूचं यंत्र विजेवर चालून आतला ओलावा कायम सारखा ठेवायचं. पण शेठच्या मित्राने सांगितलं होतं की खरी शान लाकडी पेटीतच. शेठचं काही ठरेना.

शेवटी त्यांनी निवाडा केला. यंत्र महिनाभर घरात राहील. चंदाने नवी पेटी करून थोड्या सिगार तिच्यात ठेवाव्यात. दसऱ्याच्या आधी दोन्हींतल्या सिगार बघून एक ठेवू. सिंगारपेटी तर शेठची सून नीतू केव्हाच उचलून आत घेऊन गेली होती.

जिना उतरताना हिमांशू मागोमाग आला. "बेस्ट ऑफ लक, मॅडम. पण खरं सांगू? हे यंत्र खपलं तर शोरूमवाले मला गोंदियातच ठेवतील. नाही तर परत नागपूर."

"अन् माही पेटी पास झाली नाही, तं बाबा दसऱ्याले दुकानाची किल्ली प्लायवुडवाल्याले देऊन राहिले." चंदाने चप्पल पायात सरकवली. "म्हणतात, पोरीच्या हातचं काम कोनी घेत नाही. आता बोला."

हिमांशूने बेस्ट ऑफ लक मात्र मागे घेतलं नाही.

चंदाच्या बाबांच्या, केवलरामांच्या हाताला कंप सुटला होता. चाळीस वर्षं त्यांनी पटाशी चालवली, पण आता रेघ सरळ येत नव्हती. चंदाचं काम त्यांना पसंत होतं. गिऱ्हाइकांची नजर मात्र तिच्या पाठीमागे त्यांनाच शोधायची, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटायचं. त्यांनी माळ्यावरून तुनाच्या जुन्या फळ्या काढून दिल्या. गोडसर वासाचं, हलकं लाकूड. "हे घे," एवढंच म्हणाले.

पेटी झाली झकास. झाकण लावलं की आतली हवा हळूच फुस्स करायची. ओलाव्यासाठी चंदाने ओळखीचा उपाय केला. शेजारच्या पुष्पाबाई बिडीची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून मऊ ठेवत. चंदानेही नळाच्या पाण्यात भिजवलेला पोत्याचा तुकडा आत ठेवला. चौथ्या दिवशी उघडून बघते तो तळाला काळा ठिपका. बुरशी!

ती नुसती बसून राहिली. बाहेर हत्तीचा पाऊस टिनावर कोसळत होता आणि नेमका तेव्हाच हिमांशू दारात आला, केसांतून पाणी निथळत, हातात प्लास्टिकची बाटली घेऊन.

"यंत्रावरचा ओलाव्याचा आकडा बघायला आलो होतो शेठकडे. म्हटलं, इकडेही..." त्याने पेटीत डोकावलं. "अरे."

"हसा आता."

तो हसला नाही. खाली मांडी घालून बसला आणि पॉलिशपेपर मागितला. "पोतं नको, मॅडम. नवं लाकूड आधी स्वतः पाणी पितं. त्याची तहान भागली नाही तर ते सिगारमधला ओलावा ओढतं. या पाण्याने आतून नुसतं पुसायचं, असं तीन-चार दिवस. मग याच पाण्यात भिजवलेला स्पंज आत ठेवायचा."

चंदाने बाटली फिरवून बघितली. "हे तं इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात, ते पानी होय!"

"शुद्ध असतं. क्षार नाहीत."

"बॅटरीचं पानी घेऊन कोनी पोरीच्या घरी येते काय?" ती म्हणून गेली आणि म्हटल्यावर जीभ चावली.

"पुढच्या वेळी गजरा आणतो," तो पॉलिशपेपरवरून नजर न उचलता म्हणाला. "पण तो पेटीत ठेवता येणार नाही. वास लागेल."

ती खळखळून हसली. मग तिने बाटली खाली ठेवली. "मले कायले सांगून राहिले हे? माही पेटी पास झाली तं तुम्हाले जा लागंल."

त्याचा हात थांबला. पावसाचा आवाजही जरा उतरला होता. "माहीत आहे," तो म्हणाला. "पण तुमची पेटी माझ्या गप्प बसण्यामुळे हरली, तर मला तोंड दाखवता येणार नाही. तुम्हाला... म्हणजे, आरशाला."

चंदाने फडकं घेतलं आणि लाकूड पुसायला लागली. एकदा दोघांची बोटं एकाच कोपऱ्यात आली. कोपरा दोनदा पुसला गेला.

मग तो दर मंगळवारी येऊ लागला. आकडा बघायला म्हणे! आकडा बघायला पाच मिनिटं लागतात, चहाला तास. चंदा मंगळवारी सकाळपासून दाराकडे बघायची. तो तिला आवडला होता, अगदी मनापासून, आणि त्याने पेटीत ठेवलेल्या मीटरवर आकडा जमत चालला तसे मंगळवार कमी होत होते. जिंकावं तरी रडू, हरावं तरी रडू.

दसऱ्याच्या चार दिवस आधी शेठच्या बैठकीत सगळे जमले. केवलरामही दाराशी टेकून उभे होते. शेठने दोन्हीकडची एकेक सिगार बोटांत दाबली, कानाशी फिरवली, हुंगली. मग मान हलवली.

"दोनों बराबर. तू बता हिमांशू, झूठ मत बोलना. कौन सा अच्छा?"

याने आता आपल्यासाठी खोटं बोलू नये, असं चंदाला कळवळून वाटलं. दयेवर पास झालेली पेटी तिला नको होती.

"यंत्र," हिमांशू म्हणाला. "विसरलं तरी चालतं. महिनाभर हात नाही लावला तरी आकडा हलत नाही. पेटी विसरलात तर गेली."

चंदाची मान खाली गेली. केवलरामांनी कापरा हात खिशात घातला.

"पण शेठजी, तुम्ही सिगार ओढता का?"

शेठ ओशाळले. "डॉक्टर ने मना किया है. चार साल हुए. बेटे को बताया नहीं... वो भेजना बंद कर देगा."

"मला नीतूवहिनी म्हणाल्या, तुम्ही दिवसातून चारदा यंत्राचं दार उघडता. ते टूं टूं वाजतं, मग बंद करता. तुम्हाला ओढायच्या नाहीत, सांभाळायच्या आहेत. विसरणाऱ्यासाठी यंत्र चांगलं. तुम्ही कुठे विसरता?"

शेठने पेटी जवळ ओढली, झाकण उघडलं, आणि आत मुलाच्या हातच्या चिठ्ठीसकट सगळ्या सिगार एकेक करून मांडायला लागले. "केवलराम," ते मान न उचलता म्हणाले, "मेरे दो दोस्तों को भी बनवानी है. तेरी बेटी से ही."

केवलरामांनी खिशातून किल्ली काढली आणि पोरीच्या हातावर ठेवली. तिने ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली.

खाली ऑटोत यंत्र चढवताना तिने एक बाजू धरली. "कवा जाऊन राहिले?"

"उद्या हजर व्हायचंय नागपूरला."

आणि चंदाने ठरवलं, आता गप्प बसायचं नाही. "मले नाही करमनार," ती सरळ म्हणाली. "तुम्ही मले आवडता. पन मी दुकान सोडून नागपूरले येनार नाही. आजच भेटलं मले ते. म्हनून सांगून देतो."

हिमांशूने यंत्र खाली ठेवलं. शोरूममध्ये शिकलेली सगळी मराठी त्याच्या तोंडून कुठल्या कुठे पळाली.

"तुले दुकान सोड म्हनलं कोनी?" तो म्हणाला. पहिल्यांदाच तू, पहिल्यांदाच गावची बोली. त्याने पाकिटातून रेल्वेचा मासिक पास काढून तिच्यासमोर धरला. गोंदिया ते नागपूर. "मी कुठी जाऊन नाही राहिलो. रोज अपडाउन करीन. सकाळी जाईन, संध्याकाळी येईन."

चंदाने तारीख वाचली. मग पुन्हा वाचली. "हा तं परवाच काढला! शेठनं तं आत्ता सांगतलं."

"पेटी मी पाह्यली होती नं."

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. चंदाने पास त्याच्या खिशात नीट सरकवला, वर बटण लावलं, आणि डोळे पुसत म्हणाली, "सकाळचा डब्बा दुकानातून घेऊन जात जा. अन् मॅडम म्हनजो नोको आता."