इन्सुलिनचा आळ

"माझ्यावर जीव घ्यायचा आळ आलाय, बाई," नर्स दारातूनच म्हणाली. मास्तरांनी घाईघाईने तिच्यासाठी खुर्ची मोकळी केली.

मास्तर टायपिंगचे निवृत्त शिक्षक. खाजगी शोधकाम करणाऱ्या बाईंकडे ते टिपणं घ्यायला येत.

नर्सची हकिकत सरळ होती. आठ वर्षं ती एका म्हाताऱ्या गृहस्थांना रोज इन्सुलिन टोचत होती. गेल्या महिन्याभरात त्यांची साखर तीनदा एकदम उतरली आणि तिन्ही वेळा आजोबा बेशुद्ध पडले. काल त्यांच्या मुलाने सगळ्या शेजाऱ्यांसमोर तिला खुनी म्हटलं. दोन दिवसांत पोलिसांत जाणार होता.

"जास्त टोचलंत?" बाईंनी विचारलं.

"एक थेंबही नाही. डॉक्टरांनी डोस कमी केला, तरी साखर खालीच."

बाईंनी चष्मा चढवला. "चला, घर बघू."

मुलाने दार उघडलं ते कपाळाला आठ्या घालूनच. "हिला कशाला आणलंत? मीटर बघा, म्हणजे हिचा कारभार कळेल!"

बाईंनी साखर मोजायच्या मीटरमधले जुने आकडे काढले. साठ, अठ्ठावन्न, चौसष्ट. मध्येच मंगळवारी दुपारी दोनशे बारा. शुक्रवारी दुपारी दोनशे चार.

"दुपारी मी तपासतच नाही," नर्स म्हणाली. "आणि रक्त तपासायच्या पट्ट्याही कमी भरतात."

"ऐकलंत? धडधडीत खोटं!" मुलगा उसळला.

आजोबा दोन ब्लँकेटं पांघरून, लोकरी टोपी घालून पडले होते. बाहेर थंडी नव्हती. आवाज घोगरा झालेला, शब्द ओढल्यासारखे येत होते.

"सकाळची... गोळी... गोड लागते," ते म्हणाले.

सूनबाईंनी पदराने डोळे टिपले. "हल्ली असंच काहीतरी बोलतात. थायरॉइडची गोळी कधी गोड असते का?"

मास्तरांनी वहीत लिहिलं : वय झालं. बाईंनी उशाशी असलेल्या त्याच गोळ्यांच्या बाटलीतली एक बारीक पांढरी गोळी काढून घेतली.

"यांचं खाणंपिणं तुमच्याकडे?"

"हो. चहासुद्धा बिनसाखरेचा, गोडीच्या गोळ्या घालून. पूर्वी एक डबी महिनाभर जायची, आता वीस दिवसांत संपते."

तेवढ्यात नात सरावाहून आली. एकोणीस वर्षांची, खांद्यावर जुदोची पिशवी. आल्या आल्या तिने पंखा पाचवर केला आणि घटाघट दोन तांबे पाणी प्यायली. तिचा हात थरथरत होता.

"अठ्ठेचाळीस किलोच्या गटात निवड झालीय हिची," आई कौतुकाने म्हणाली. "दोन महिन्यांत सहा किलो उतरवलं. खाते मात्र दुप्पट!"

"आजोबांची औषधं कोण आणतं?"

"मीच," नात म्हणाली आणि आत निघून गेली.

जिन्यात मास्तरांनी कुजबुजत निकाल दिला. "चिरंजीवच! म्हाताऱ्याचा कंटाळा आलाय त्याला."

"मास्तर, एकाच घरात एकाला थंडी सोसत नाही आणि एकीला उकाडा. तेवढं लिहून ठेवा."

बाईंच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी आजोबांचं रक्त तपासायला पाठवलं. दुसऱ्या संध्याकाळी सगळे त्यांच्या पलंगाभोवती जमले.

"नर्सने इन्सुलिन बरोबरच दिलं," बाई म्हणाल्या. "बदललं ते आजोबांचं शरीर. थायरॉइडची गोळी पोटात गेली नाही की माणूस गारठतो, आवाज बसतो, सगळा कारभार मंदावतो. टोचलेलं इन्सुलिनही अंगात जास्त वेळ रेंगाळतं. कालचा डोस आज जड होतो आणि साखर कोसळते. रक्ताच्या तपासणीत तेच निघालंय."

"पण गोळी तर रोज घेतात!" सूनबाई म्हणाल्या.

"रोज घेतात ती चहातली गोडीची गोळी. मी चाखून पाहिली. आजोबा खरं सांगत होते, तुम्ही ते वयावर ढकललंत. डबी वीस दिवसांत का संपते, ते आता कळलं?"

"मग खऱ्या गोळ्या गेल्या कुठे?" मुलाचा आवाज खाली आला होता.

"जिला उकडतं तिच्याकडे. औषधं तीच आणते, बाटलीतल्या गोळ्याही तिनेच बदलल्या. नको असताना ती गोळी घेतली की वजन झरझर उतरतं, हात थरथरतात, छाती धडधडते. आणि साखर चढते. तुमच्या घराण्यात मधुमेह आहेच, साखर चढायला नुसतं निमित्त हवं होतं. तहान थांबेना तेव्हा घाबरून तिने दुपारी आजोबांच्या मीटरवर स्वतःचं रक्त तपासलं. दोनदा."

नात भिंतीला टेकून उभी होती. "आजोबांना काही होईल असं खरंच वाटलं नव्हतं," ती पुटपुटली. "एका गोळीने काय होतंय, म्हटलं. आणि मग... मग सांगायची हिंमतच होईना."

"तिसऱ्यांदा बेशुद्ध पडले तेव्हासुद्धा?" नर्सने विचारलं. "मला खुनी म्हणाले तेव्हा तू इथेच उभी होतीस."

पोरीला रडू फुटलं. मास्तरांना वहीकडे बघवेना; बापावर संशय घेताना या पोरीकडे त्यांनी मान वर करूनही पाहिलं नव्हतं.

मुलाने हात जोडले. "चुकलं माझं."

"शेजाऱ्यांसमोर बोललात, शेजाऱ्यांसमोरच म्हणा," नर्स म्हणाली.

मग तिने पुढे होऊन पोरीचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

"एकशे बत्तीस." तिने मनगट सोडलं नाही. "तुला मी माफ केलेलं नाही. पण आधी दवाखाना. चप्पल घाल."